अंगणवाडी उसाच्या फडावर न्या

मा. संपादक,
स. न.

दसरा झाला की आमच्या धारूर तालुक्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली कोयती, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, टोळीनं निघतात आणि अंगणवाडीच्या पटावरची निम्मी लेकरं भांड्याकुंड्यांच्या गाठोड्यांवर बसून आईबापासोबत जातात. मी सत्तावीस वर्षं सेविका होते, आता निवृत्त आहे. तरी या दिवसांत जीव थाऱ्यावर राहत नाही.

अंगणवाडी हा शब्द कुठून आला, असं नव्या सेविकांना विचारलं तर बहुतेकजणी सांगतात, सरकारी योजनेतून. सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला. अंगणवाडी त्याच्या कितीतरी आधीची, पालघरकडच्या बोर्डी गावची. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. दलित वस्तीतली लेकरं बालवाडीत येईनात, तेव्हा या बाया सामान उचलून त्यांच्या अंगणातच जाऊन बसल्या. तिथंच हातपाय धुवायचे, नखं काढायची, केस विंचरायचे, तिथंच गाणी नि गोष्टी. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन मोजणी आणि आकार शिकवले. आमच्या प्रशिक्षणात हे ऐकलं, तेव्हापासून मी चिंचोके आणि सीताफळाच्या बिया डब्यात साठवायला लागले. तो डबा शेवटच्या दिवसापर्यंत वापरला.

१९५७ मध्ये हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी पोरं दिवसभर गुरं राखायची, म्हणून शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं असायचं आणि ती शाळेला मुकायची, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, त्यानंतर अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ते काम ओढलं. मला या मानसन्मानांपेक्षा कुरणशाळा मोठी वाटते. लेकरू जिथं आहे तिथं बाई गेली, हे त्यात आहे.

आमच्याकडे मात्र लेकरू फडावर आणि अंगणवाडी गावात. हंगामी वसतिगृहं आहेत ती शाळेतल्या मुलांसाठी. तीन-चार वर्षांचं पोर आईला सोडून राहील कसं? एका साली पाडव्याच्या सुमाराला टोळ्या परतल्या, तेव्हा चार वर्षांची एक पोर वर्गात आली. दिवाळीआधी ती चिंचोके मोजायची, दहापर्यंत. आता 'एक'च्या पुढं सरकेना. मधल्या वेळेत पाहिलं तर कोपऱ्यातला दोरीचा तुकडा घेऊन ती झाडूच्या काड्यांची मोळी बांधत होती. गुडघा टेकवून, दोन्ही हातांनी पीळ देऊन, अगदी तिची आई वाढ्याची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, मोळी बांधते तशी. गाठ पक्की बसली होती. मी तिला जवळ घेतलं आणि त्या दिवशी पुढं काही शिकवू शकले नाही.

माझ्या सहकारी सेविकांना दोष देत नाही. रजिस्टरं, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरची माहिती, आहार, लसीकरण, सर्वेक्षण यांत त्यांचा दिवस संपतो आणि शिकवायला उरतो तो उरलासुरला वेळ.

मागणी एवढीच आहे. जिथं ऊसतोड मजुरांच्या पन्नासेक कोप्या (झोपड्या) एकत्र पडतात तिथं गाळप हंगामापुरती अंगणवाडी सुरू करा. टोळीतलीच दहावी-बारावी झालेली एखादी सून किंवा मुलगी निवडा, तिला महिनाभर प्रशिक्षण द्या आणि तिचं मानधन वेळेवर द्या. टोळी निघण्याआधी गावच्या सेविकेनं लेकरांची वजनं नि लसीकरणाची नोंद तिच्या हाती द्यावी, परतल्यावर तिच्याकडून घ्यावी. पाल किंवा ताडपत्रीची सावली, पिण्याचं पाणी आणि चूल एवढं कारखान्यांनी करावं. पहाटे तोडीला निघताना आईनं लेकरू गाडीखालच्या झोळीत न टाकता त्या सावलीत सोडावं. बीडच्या जिल्हा प्रशासनानं या हंगामात निदान दोन-चार फडांवर तरी हे करून पाहावं. डबाभर चिंचोके मी देते.

– एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
ता. धारूर, जि. बीड