निराधारांचे अडलेले पैसे आणि ग्रामपंचायतीची थकबाकी

महोदय,

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे आता डीबीटीने थेट खात्यात जमा होतात. गळती थांबावी म्हणून केलेल्या या बदलाला माझा विरोध नाही. पण आधार जोडणीत ज्यांचे पैसे अडकले, ती माणसे सर्वांत आधी ग्रामपंचायतीची पायरी चढतात. दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात मी सदस्या आहे, त्यामुळे हे रोज बघते.

आमच्या वाडीतल्या एका आजींचा जन्म कोळंबी सोलण्यात गेला. बोटांवर रेषाच उरल्या नाहीत, यंत्र अंगठा घेत नाही. ओटीपी जातो मुंबईतल्या मुलाच्या जुन्या नंबरवर, आणि तो नंबर कधीचाच बंद आहे. दापोलीला जायचे तर एसटीचे भाडे, सोबतीला कुणाचा तरी रोज बुडवायचा, आणि तिथे पोचल्यावर ‘सर्व्हर डाऊन’. महिन्याचे १५०० रुपये थांबले तेव्हा त्यांनी आधी रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड केल्या. मग घरपट्टी, पाणीपट्टी राहिली.

ग्रामपंचायतीला याची झळ बसते ती इथे. आमच्यासारख्या लहान गावात स्वनिधी, म्हणजे ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न, मुख्यतः या दोन पट्ट्यांचेच. त्यातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. वसुली घटली की हे हिस्सेही घटतात, म्हणजे एका गरिबाचे अडले की दुसऱ्या गरिबाच्या वाट्याचे कमी होते. नळपाणी योजनेच्या पंपाचे वीजबिल मात्र भरावेच लागते. आजींचा नळ तोडा, असे मासिक सभेत कोण म्हणणार? सरकारदरबारी न वाटलेली रक्कम बचत दिसत असेल, आमच्याकडे तीच नमुना ९ मध्ये, म्हणजे कराच्या मागणी-वसुलीच्या नोंदवहीत, थकबाकी म्हणून चढते.

त्यात वार्षिक २१ हजारांची उत्पन्नमर्यादा, म्हणजे महिन्याला १७५० रुपये. बाजारात चार टोपल्या सुकी मासळी विकणाऱ्या विधवेने खरे उत्पन्न सांगितले तर ती निराधार ठरतच नाही. ही मर्यादा आता तरी वाढवा.

आणि ज्यांचे पैसे अडले आहेत त्यांची यादी तहसीलने दरमहा ग्रामपंचायतीला द्यावी. आधारचे शिबिर वाडीत घ्यावे, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी यंत्र न्यावे आणि जोडणी होईपर्यंत जुन्या पद्धतीने अनुदान चालू ठेवावे.

– एक ग्रामपंचायत सदस्या, ता. दापोली, जि. रत्नागिरी