दादाला पत्र : आरओटीसीचा हिशेब

न्यू जर्सी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू म्हणालास, आमच्या पोराला अमेरिकन आर्मीची स्कॉलरशिप मिळाली, आता खर्चाची काळजी मिटली. मिटली नाही रे, म्हणून सविस्तर लिहितो.

हे आपल्या खडकवासल्यासारखं नाही. एनडीएत पोरगा आत गेला की शिक्षण, राहणं, जेवण सगळं सरकारचं. इथं आरओटीसीची, म्हणजे कॉलेज करता करताच लष्करी अधिकारी घडवण्याच्या योजनेतली, मुलं साध्या कॉलेजात इतरांसारखीच शिकतात. पहाटेची पीटी आणि लष्करी तास तेवढे जादा. पदवीबरोबर कमिशन, म्हणजे अधिकारीपद. आर्मी एकतर ट्यूशन फी भरते, नाहीतर राहण्या-जेवण्याचे पैसे देते, दोन्ही नाही. शिवाय पुस्तकांना वर्षाचे 1,200 डॉलर आणि कॉलेज चालू असताना महिन्याला 420.

खरी गोम कॉलेजच्या मदतीत आहे. समज, वर्षाचा खर्च 80,000, त्यात फी 60,000. आमची मिळकत बघून कॉलेज म्हणतं, तुम्ही 20,000 भरा, उरलेले आम्ही सोडतो. पण फी आर्मीनं भरली की बरीच खासगी कॉलेजं आपली सूट तेवढीच कापतात. आम्ही 20,000 भरायचे ते भरायचेच. वाचले कॉलेजचे, आणि आठ वर्षांच्या सेवेला बांधला गेला पोरगा! ज्यांना मिळकत जास्त म्हणून एक डॉलरही सूट नाही, त्यांचे मात्र सगळे 60,000 वाचतात. मला हे अजिबात पटत नाही, पण तुझ्या भावजयीचं म्हणणं, त्याला मुळात फौजेतच जायचंय, तर पैशाचं गणित कशाला?

सगळीच कॉलेजं अशी नाहीत. काही जण आरओटीसीच्या मुलांचं राहणं-जेवण स्वतःहून फुकट करतात. परराज्यातल्या सरकारी विद्यापीठातही फायदा होतो, कारण बाहेरच्यांना लावलेली चढी फी आर्मीच भरते. म्हणून प्रत्येक कॉलेजला पत्र टाकलंय : स्कॉलरशिप धरून आणि न धरून, दोन्ही आकडे लेखी द्या. 1 मेपर्यंत कॉलेज पक्कं करायचंय.

आईला सांग, लगेच कुणी सीमेवर धाडत नाही. आठातली साधारण चार वर्षं पूर्णवेळ नोकरी, बाकी राखीव दलात. आणि पहिल्या वर्षाअखेर मन बदललं तर पैसे परत न करता सोडता येतं. दुसरं वर्ष सुरू झालं की मात्र करार लागू.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू