स्ट्रोकमध्ये बीपीची गोळी घरी देऊ नका

मा. संपादक, स.न.

परवा तुमच्या पेपरात ब्लडप्रेशरवर लेख आला होता, चांगला होता, पण त्यात एक गोष्ट राहून गेली आणि ती मी बाबांच्या वेळी स्वतः बघितलीय म्हणून लिहितोय.

सकाळी पेपर वाचता वाचता बाबांच्या हातातून पेपर गळाला, तोंड वाकडं, बोलणं एकदम जड. घरात मशीन होतंच, लावलं तर २०८/११४. आम्ही सगळे पॅरालिसिसपेक्षा त्या आकड्यालाच घाबरलो. भावाने बीपीची गोळी फोडून जिभेखाली ठेवायला घेतली तेवढ्यात फोनवर असलेली डॉक्टर मावसबहीण ओरडली, "काही देऊ नका, पाणीसुद्धा नको, आधी गाडीत घाला." तेव्हा मला तिचा रागच आला होता.

नंतर तिनेच समजावलं. मेंदूच्या नसेत गुठळी अडकली की मधला भाग जातो पण भोवतीचा भाग अजून जिवंत असतो, आजूबाजूच्या बारीक नसांतून मिळेल तेवढ्या रक्तावर तग धरून, आणि ते रक्त तिथवर ढकलायला प्रेशर लागतं. अशा वेळी बीपी धाडकन पाडलं तर वाचला असता तो भागही जातो. म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन किंवा नसेतून गुठळी काढायची प्रोसिजर करायची नसेल तर २२०/१२० पर्यंत सहसा हात लावत नाहीत. पण नस फुटून रक्तस्राव झाला असेल तर बरोब्बर उलटं, वरचा आकडा लवकर पण सावकाशीने १४० च्या आसपास आणायचा. आणि बाहेरून दोन्ही पेशंट सारखेच दिसतात हो, सीटी स्कॅन झाल्याशिवाय डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. चीनमध्ये अँब्युलन्समध्येच बीपी उतरवून बघितलं, २०२४ मध्ये निकाल आला, रक्तस्रावाच्या पेशंटना फायदा झाला आणि गुठळीवाल्यांचं नुकसान. तिथे तर औषध देणारी ट्रेन्ड माणसं होती, आपण घरी अंदाजाने गोळी देतो!

बाबांच्या डोक्यात गुठळी निघाली. इंजेक्शन द्यायला बीपी १८५/११० च्या खाली पाहिजे, नाहीतर रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून सलाईनच्या नळीतून औषध देत देत, दर थोड्या वेळाने मोजत त्यांनी ते खाली आणलं. ती दहा-पंधरा मिनिटं मी कधी विसरणार नाही. पुढचे २४ तास १८०/१०५ च्या खाली ठेवायचं होतं. रात्री मॉनिटरवर १७० दिसलं आणि मी सिस्टरशी भांडलो, कमी का करत नाही म्हणून. त्या बिचाऱ्या शांतपणे म्हणाल्या, "इतकंच हवंय." चूक माझी होती, हे इथे लिहायला मला काही वाटत नाही.

हॉस्पिटलात गेल्या गेल्या पहिला प्रश्न बीपीचा नव्हता, "शेवटचे नीट कधी दिसले?" हा होता, कारण ते इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. आमच्याकडे वेळ होती, भावाने घड्याळ बघितलं होतं.

पुढच्या वेळी बीपीवर काही छापाल तेव्हा एवढं मोठ्या अक्षरात चौकटीत टाका: स्ट्रोकची शंका आली तर बीपीची गोळी नाही, अॅस्पिरिन नाही, तोंडाने काहीच नाही, वेळ लिहून ठेवा आणि सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा.

आपला,
एक नियमित वाचक