हिरव्या पडलेल्या बारा पिशव्या

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

धाकट्याच्या धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) २० पिशव्यांपैकी १२ हिरव्या पडल्याचं कळलं. ‘घरावर कर्ज काढायच्या आत त्याला थांबव’, असं बाबा म्हणाले. घर गहाण ठेवायचं नाही, यात मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. पण त्याला थांबवू नका. या नुकसानाचं कारण सापडलं आहे आणि ते दुरुस्त होण्यासारखं आहे.

त्याने पिशव्यांवर नंबर घातले होते, हे फार बरं केलं. १ ते ८ पांढऱ्याशुभ्र, ९ ते २० हिरव्या. बियाणं सगळीकडे एकच, खोली एकच. म्हणजे दोष पिशव्यांत भरायचं काड गरम पाण्यात तापवायच्या दुसऱ्या घाण्यात. पहिल्या घाण्यात पिंपात १२ किलो कोरडं काड होतं, दुसऱ्यात १८ किलो कोंबलं. रात्रभर भिजवलेलं गार काड आत पडलं की पाण्याचं तापमान धाडकन उतरतं. ते पुन्हा ८० अंशांवर आल्यावर तिथून पुढे एक तास मोजायचा असतो. त्याने काड टाकल्यापासून मोजला. शिवाय काड तरंगतं, वरचा थर पाण्याबाहेर राहतो. पोत्यात भरून वर दगड ठेवला की सगळं बुडतं. मधलं काड नीट तापलं नाही, म्हणून त्यातली हिरवी बुरशी जगली आणि अळिंबीच्या आधी पसरली.

आई, पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. कडकडीत दुधात विरजण लावलं तर दही लागत नाही, तसंच गरम काडात बियाणं मरतं. हाताला पूर्ण गार लागल्यावरच भरायचं. ओल बघायला मूठभर काड घट्ट दाबायचं: तळवा ओला व्हावा, थेंब पडू नये. थेंब पडला तर पिशवी तळाशी कुजते. ५ किलो ओल्या काडाला १०० ते १५० ग्रॅम बियाणं, थरांमध्ये, कडेकडेने जास्त. मग १५ ते २० दिवस अंधारात.

बाबा, काड तुम्ही निवडून द्या. पावसात भिजून पुन्हा वाळलेलं सोयाबीनचं काड वरून चांगलं दिसतं, पण वास घेतल्यावर तुम्हाला लगेच कळेल. तसलं एक मूठही नको.

हिरव्या पिशव्या खोलीत उघडू देऊ नका. बीजाणू उडून उरलेल्या आठही जातील. तशाच उचलून लांब नेऊन खड्ड्यात पुराव्यात. उरलेल्या पांढऱ्या पिशव्यांसाठी आता खोलीत ओलावा आणि खेळती हवा दोन्ही हवं. नुसतंच बंद करून पाणी मारलं तर देठ लांबतात आणि छत्री बारीक राहते. असा माल बाजारात कुणी घेत नाही.

आता पैशांचं. पुढच्या तीन खेपा २० पिशव्यांच्याच राहू देत. ५ किलोच्या पिशवीतून तीन तोडण्या मिळून साधारण एक किलो ताजी अळिंबी हाती यावी. तीन खेपांत तेवढं निघालं आणि मालाला ठरलेलं गिऱ्हाईक मिळालं, तरच तो शेड वाढवेल. गिऱ्हाईक खरंच आधी शोधायला हवं, कारण तालुक्यात लोकांना बटण मशरूम माहीत आहे, धिंगरी नाही. ताजा माल बाहेर दोन दिवसही धड टिकत नाही. उरलेला उन्हात वाळवावा लागतो, आणि १० किलोचा जेमतेम १ किलो होतो. मला खरी काळजी याचीच आहे, हिरव्या बुरशीची नाही.

कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंत तारण द्यावं लागत नाही. घराचा उतारा किंवा सातबारा कुणी मागितला तर सरळ नाही म्हणा. आईच्या पाटल्याही कपाटातच राहू देत.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा संशोधन प्रकल्प आहे. तिथे प्रशिक्षण होतं, बियाणंही मिळतं. पुढच्या खेपेआधी त्याला तिथे पाठवा, भाड्याचे पैसे मी देते.

पार्सलने लांब दांड्याचा थर्मामीटर पाठवला आहे. तो पिंपाच्या कडेला नाही, मधोमध काडात खुपसायचा. पहिल्या दिवशी बाबा, तुम्ही शेजारी उभे राहा आणि ८० चा आकडा दिसल्यावरच घड्याळ बघा.

तुमची लेक