गावाशेजारचे २० गुंठे

चि. सौ. वैशाली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गावठाणाला लागून असलेल्या आपल्या २० गुंठ्यांना एवढा भाव येत असताना मी एजंटला परत का पाठवले, असे तू परवा फोनवर विचारलेस. तेव्हा ते नीट सांगता आले नाही. त्या जमिनीत दादाइतकाच तुझाही हक्क असल्यामुळे हे तुला सविस्तर लिहून कळवणे मला आवश्यक वाटते.

भाव खरोखरच मोठा आहे. एका गुंठ्याला त्याने जी रक्कम सांगितली, तेवढी त्या संपूर्ण तुकड्यातल्या भाताने मला दहा वर्षांतही दिलेली नाही. हिंडलगा, कंग्राळी, मच्छे, पिरनवाडी ही गावे आपल्या डोळ्यांदेखत बेळगावला जाऊन मिळाली आणि आता शहर आपल्या वेशीशी आले आहे. त्यामुळे जमीनवाल्यांचे भले झाले. मात्र गावातच जन्मलेल्या, पण शेत नसलेल्या मुलाला घर बांधायला गावात एक गुंठाही परवडेनासा झाला.

आपल्या मागच्या गल्लीतला एक मुलगा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत रात्रपाळी करतो. तीन भाऊ, तिघांचे संसार आणि घर दोन खोल्यांचे. चूल आणि अंथरुणे यांच्यामध्ये जुनी साडी बांधलेली. सकाळी तो पाळी संपवून येतो तेव्हा घरातली पोरे उठलेली असतात, म्हणून देवळाच्या कट्ट्यावर डब्याची पिशवी उशाला घेऊन तो अकरापर्यंत झोपतो. शेताकडे जाताना मी त्याला रोज पाहतो. प्रधानमंत्री आवास योजनेत आपल्यासारख्या खेड्यात किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, आणि काम जसे पुढे सरकेल तसे हप्ते खात्यावर जमा होतात. पण पाया कोठे घालायचा, हा प्रश्न त्या पैशांनी सुटत नाही.

त्याच्या थोरल्या भावाने बाँडवर प्लॉट घेतला होता. बिनशेती न करताच कोणीतरी शेतात फक्कीच्या रेघा मारल्या आणि १०० रुपयांच्या बाँडवर लिहून दिले. तो कागद वाचून घेण्यासाठी तो माझ्याकडे आला होता. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला, घड्यांवर फाटलेला. त्यात सर्व्हे नंबर होता, पण चतुःसीमा नव्हती. पंचायतीकडून नमुना ९ आणि ११ हे जागेचे उतारे मिळाले नाहीत म्हणून नोंदणी झाली नाही, आणि नोंदणी नाही म्हणून बँकेने कर्ज दिले नाही. विकणाऱ्याचा फोन आता लागत नाही. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस म्हणून त्याने मोठ्या आशेने मला विचारले, आणि त्याला सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते, हे मला अजून सलते.

तुझे आजोबा कूळ होते. १९७४ च्या भूसुधारणेत कसणाऱ्याच्या नावे जमीन झाली, तेव्हा आपल्या घराण्याचे नाव प्रथम उताऱ्यावर चढले. त्याआधी आपले घरही दुसऱ्याच्या जागेत होते. एजंटशी बोलताना हेच माझ्या मनात होते.

जिल्हाधिकाऱ्यांकडून कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे जमीन बिनशेती करून घ्यावी, बुडाकडून (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडून) नकाशा मंजूर करून घ्यावा, आणि रस्ते, गटारी व मोकळी जागा सोडून २० बाय ३० फुटांचे साधारण सोळा प्लॉट पाडून ते गावातल्याच कुटुंबांना शेतीच्या दराने, वर झालेला खर्च तेवढा घेऊन द्यावेत, असा माझा विचार आहे. अडचण एकच दिसते, आणि ती लहान नाही. आज स्वस्तात घेतलेला प्लॉट कोणी उद्या त्याच एजंटला विकला तर काय? खरेदीखतात ‘कधीही विकू नये’ अशी अट घातली तरी ती कायद्यापुढे टिकत नाही. म्हणून या कुटुंबांची सहकारी गृहनिर्माण संस्था करून जमीन संस्थेच्या नावे ठेवावी, असे वकिलांनी सुचवले. त्यात कागदपत्रांची दगदग वाढेल, पण मला हाच मार्ग बरा वाटतो.

आता तुझ्याविषयी. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला, तरी साडी-चोळी करून बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. ती मला कधीच पटली नाही. दादाने होकार दिला आहे, पण त्याला राहायला गावातले घर आहे. तुम्ही पुण्यात फ्लॅटचे हप्ते भरता, हे मी विसरलेलो नाही. तुला तुझा वाटा आजच्या बाजारभावाने हवा असेल तर तसे मोकळेपणाने कळव. मग तेवढी जमीन बाजूला काढून उरलेल्या जागेत बसतील तेवढेच प्लॉट करू. माझ्या मनात त्याचे काही राहणार नाही.

मोजणीचा अर्ज अजून दिलेला नाही. कागदांच्या प्रती सोबत पाठवत आहे. सहीसाठी घाईने येऊ नकोस. आधी जावईबापूंशी बोल आणि तिकडच्या एखाद्या वकिलाला हे सर्व दाखव.

तुझे,
आप्पा