दरडीच्या आधीचे दोन दिवस

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर लेकीच्या लग्नाची यादी सांगता सांगता तू मध्येच थांबलास आणि म्हणालास, "आमचं काय रे, सटवाईनं लिहिलंच नव्हतं." पंचवीस वर्षं झाली, तरी तुझा आवाज बसला. मला तेव्हा काही बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

कॉलेजात आपल्याला 'रोमिओ अँड ज्युलिएट' होतं, आठवतं? सर सारखं "नियती, नियती" म्हणायचे. शेक्सपिअरही पडदा उघडताच सांगून टाकतो की या दोघांचे ग्रहच वाकडे, दोघंही जाणार. तुझ्या फोननंतर मी ते पुन्हा वाचलं. या वेळी माझा सगळा जीव त्यातल्या एका चिठ्ठीत अडकला होता.

ज्युलिएट बेचाळीस तास मेल्यासारखी पडून राहील असं औषध घेते. ती जिवंत आहे हे कळवणारी चिठ्ठी मांटुआला रोमिओकडे निघते. ती नेणारा साधू सोबतीला दुसऱ्या साधूला घ्यायला जातो. तो दुसरा आजाऱ्यांना भेटत फिरणारा. शहराच्या तपासनिसांना त्या घरात प्लेग असल्याचा संशय येतो आणि ते दार बंद करून सील ठोकतात. चिठ्ठी आत. लागण होईल या भीतीनं ती परत पोचवायलाही कुणी तयार होत नाही. तोवर रोमिओचा नोकर मांटुआला पोचून ज्युलिएट गेल्याचं सांगून मोकळा झालेला असतो. नाटक 1590च्या दशकातलं. 1592 ते 1594 या काळात प्लेगमुळे लंडनची नाटकघरं बहुतेक बंदच होती, त्यामुळे त्या प्रेक्षकांना बंद दाराचा अर्थ सांगावा लागला नसेल. 2020मध्ये आपल्या गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले होते, तेव्हा आपल्यालाही तो कळला.

हे नशीब, मान्य. पण दाराच्या आधीचं काय? मुलीला चौदावं वर्षही पुरं झालेलं नाही. बाप म्हणतो, मी सांगतो त्याच्याशी लग्न कर, नाहीतर रस्त्यावर भीक माग. गुरुवारचं लग्न तोच बुधवारवर ओढतो, म्हणजे चिठ्ठीच्या वाटेतला एक दिवस बापानंच खाल्ला. त्या दोन घरांचं वैर कशावरून, हे तर नाटकभर कुणी सांगत नाही. यात ग्रहांनी काय केलं?

आपल्या शकुंतलेचंही तसंच आहे. महाभारतात ना दुर्वासांचा शाप, ना अंगठी. दुष्यंताला सगळं आठवत असतं आणि तरीही तो भर सभेत तिला, पोटच्या पोराला ओळख देत नाही. आकाशवाणी झाल्यावर म्हणतो, लोकांनी शंका घेऊ नये म्हणून असं वागलो. शाप आणि माशाच्या पोटातली अंगठी कालिदासाची. 1880मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात रंगभूमीवर आणलं तेही त्याचंच शाकुंतल, मराठीत. नाटक देखणं आहे, पण मला त्या शापाचा राग येतो. शाप आला आणि राजा सुटला.

आता मुद्द्याचं. शुक्रवारी संध्याकाळी तू मला वहीच्या पानाची चौकोनी घडी दिलीस. रविवारी तिच्या घरी सुपारी फुटणार होती. नंतर मी तुला सांगितलं, घाटात दरड कोसळली, एसटी बंद. ते खोटं नव्हतं. पण दरड शनिवारी रात्री कोसळली. तोवर गाड्या चालू होत्या. मी दोनदा स्टँडवर गेलो. शनिवारी तर पायरीवर पाय ठेवला होता. तिचा भाऊ डोळ्यांसमोर आला, मी पाय मागे घेतला आणि कंडक्टरनं घंटी मारली. खिशातली घडी घामानं ओली झाली, निळी शाई शर्टाला लागली. आई ते डाग घासत होती आणि मी तिलाही काही बोललो नाही.

दरड सटवाईच्या नावावर लाव, मिलिंद. तिच्या आधीचे दोन दिवस माझे. तू इतकी वर्षं ते तुझ्या कपाळाच्या हिशेबात धरत आलास आणि मी धरू दिलेस.

घडी अजून माझ्याकडे आहे, उघडलेली नाही. लग्नाची गडबड उरकली की एखाद्या रविवारी घेऊन येतो. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा,
विजय