तारीख विचारू नका

धायरी, पुणे
एप्रिल २०२५

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

काल बाबांनी पुन्हा विचारलं, "डॉक्टर सुट्टीची तारीख का देत नाहीत?" यांच्यासमोर फोनवर सगळं बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुम्ही जन्मभर वायरमनचं काम केलंत, तुम्हाला लगेच कळेल. यांना झालेल्या जीबीएसमध्ये, म्हणजे गुलेन-बॅरे सिंड्रोममध्ये, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि वायरीवरचं रबर सोलावं तसं त्यांचं आवरण निघतं. नुसतं आवरण गेलेले पेशंट त्यातल्या त्यात लवकर सावरतात. यांची आतली तारही काही ठिकाणी तुटलीय. ती वाढते, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर तुम्हीच मोजून बघा. डॉक्टर काही लपवत नाहीयेत.

आजार पायांकडून वर चढला, आता वरून खाली ओसरतोय. चेहरा, गिळणं, खांदे परत आले. बोटांत अजून जोर नाही, पावलं तर लोंबतातच, त्यांना स्प्लिंट बांधतो. घशात नळी होती तेव्हा मी मुळाक्षरांचा तक्ता धरून एकेका अक्षरावर बोट ठेवायचे. बरोबर अक्षर आलं की हे डोळे वर करायचे. पहिला शब्द जुळायला अर्धा तास गेला असेल. 'चादर'. पाठीखाली सुरकुती पडली होती. अंग हलत नाही म्हणून दुखतही नाही, असं मला वाटायचं. उलट चादरीचा स्पर्शसुद्धा झोंबतो. दुसरा शब्द 'चहा', आणि तेव्हा पोटात सगळं नाकातल्या नळीतून जात होतं! सिस्टरही हसल्या.

आई, मामा-मामींना इतक्यात घेऊन येऊ नकोस. माणसं येतात, पायथ्याशी उभी राहून डोळ्याला पदर लावतात. मेंदूला काही झालेलं नाही गं, यांना सगळं ऐकू येतं. मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही आणि सकाळच्या फिजिओची बोंब. त्यापेक्षा छोट्याला शाळा सुरू होईपर्यंत तिकडेच ठेव, माझं अर्धं ओझं उतरेल. रात्री भाऊजी थांबतात, मी घरी जाऊन झोपते. जेवते पण, काळजी करू नकोस.

आणि छोट्याला हे लागेल ही मावशीची भीती काढून टाक. जीबीएस एकाचा दुसऱ्याला होत नाही. बऱ्याचदा आधी पोट बिघडतं, ते बरं झाल्यावर काही दिवसांनी पायाला मुंग्या येतात. यांचं तसंच झालं. जानेवारीत सिंहगड रस्त्याला इतके पेशंट निघाले तेव्हा एनआयव्हीला, म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला, पेशंटच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला होता. तेव्हा पाणी उकळूनच द्या आणि कोंबडी नीट शिजवा, एवढं पुरे.

बाबा, एफडी मोडू नका. सुरुवातीला पाच दिवस दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिन या औषधाचं बिल मोठं होतं, पण बरंचसं विम्यातून निघालं. पुढे फिजिओ लांबला तर मी स्वतःहून मागेन, संकोच करणार नाही.

फोन मात्र संध्याकाळी सहानंतर करा. मी स्पीकरवर ठेवते. तब्येतीचं विचारू नका, विहिरीची मोटार दुरुस्त झाली का ते सांगा. परवा त्यावरून यांनी मला दोनदा विचारलं.

तुमची,
लेक